घरटं काढलं तरी पुन्हा तिथंच : मधमाशी, गांधीलमाशी आणि मोहोळाच्या नेहमीच्या तक्रारी

वळचणीचं गांधीलमाशीचं घर पाडलं, पंधरवड्यात तिथंच नवं लटकलं. पाण्याच्या टाकीचं आग्या मोहोळ जाळलं, पुढच्या दिवाळीनंतर त्याच टाकीला दोन लागली. गावोगाव ही तक्रार सारखी होते आणि सल्लाही ठरलेला मिळतो : आणखी जहाल औषध मारा. औषधानं माशी मरते, जागा तशीच राहते. माशी तर जागा पाहूनच येते. म्हणून प्रत्येक तक्रारीत आधी दोन गोष्टी पाहायच्या : तिथं नेमकी कोण बसली आहे, आणि तिला ती जागा का पसंत पडली.

आधी ओळख पटवा

जवळ जाऊ नका. १५-२० फुटांवरून मोबाइलचा कॅमेरा झूम करून फोटो काढा आणि घरात येऊन निवांत पाहा.

उघड्यावर लटकलेलं, परातीपेक्षा मोठं, माश्यांनी झाकलेलं एकच पोळं म्हणजे आग्या मोहोळ. हे धोक्याचं. कढीपत्त्याच्या किंवा मेंदीच्या फांदीला तळहाताएवढं एकच पोळं असेल तर ती फुलोरी माशी. ती सहसा अंगावर येत नाही आणि फुलोरा सरला की आपणहून निघून जाते. भिंतीच्या भोकातून, झाडाच्या ढोलीतून किंवा पालथ्या रांजणातून माश्यांची ये-जा दिसते पण पोळं दिसत नाही, ती बहुधा सातेरी. भिंतीच्या चिरेतून मेणाची इवली नळी बाहेर आली असेल आणि तिच्यातून मुंगीएवढ्या काळ्या माश्या जात-येत असतील, तर त्या बिनकाट्याच्या माश्या. त्यांना हात लावायचं कारणच नाही.

करड्या कागदासारखं, उलट्या छत्रीच्या आकाराचं, खालून उघडी घरं दिसणारं घरटं गांधीलमाशीचं. तिची कंबर बारीक, उडताना पाय खाली लोंबतात. इंचभर लांबीची, तांबूस किंवा काळी, पोटावर ठळक पिवळा पट्टा असलेली ती मोठी गांधीलमाशी. तिचं घरटं वारुळात, धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) बिळात, नाहीतर पडक्या भिंतीच्या पोकळीत असतं. मातीच्या नळ्या किंवा गाडगी चिकटवते ती कुंभारीण माशी.

मधमाशीचा काटा कातडीत अडकतो आणि ती मरते. गांधीलमाशीचा काटा सुटून निघतो, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डंख मारते. घरटं कुणाचं ते न ओळखता हात घालणाऱ्याला हा फरक फार महागात पडतो.

तक्रार : गांधीलमाशीचं घरटं पाडलं की पुन्हा तिथंच बांधते

बहुतेक वेळा कारण एकच असतं, घरटं दिवसा पाडलेलं असतं. दिवसा बऱ्याच माश्या वावरात अळ्या पकडायला, लाकडाचा भुसा खरवडायला, पाणी आणायला गेलेल्या असतात. संध्याकाळी त्या परततात आणि ओळखीच्या जागी पुन्हा काम सुरू करतात. दुसरं कारण देठाचं. घरटं एका काळ्या, चिवट देठावर लटकलेलं असतं. काठीनं घरटं तुटतं, पण देठाचा बुंधा लाकडाला चिकटून राहतो. आयता पाया मिळाल्यावर कोण सोडतं? तिसरं, जागाच तशी असते : टिनाखाली सावली, पावसाचं पाणी लागत नाही, जवळ हौद, आणि समोर भाजीचा वाफा.

एक गोष्ट आधी ठरवा. घरटं दहा फुटांच्या वर आहे आणि खालून कुणाची वाट नाही, तर राहू द्या. गांधीलमाशी आपल्या पिलांना अळ्या चारते. कपाशीच्या आणि तुरीच्या वावरात तिचा उपयोगच होतो. दाराची चौकट, संडासचं छप्पर, पाळण्याची कडी, ढोरांच्या कोठ्यातली गव्हाण, एवढ्या ठिकाणची मात्र काढायलाच हवीत.

काढायची वेळ अंधार पडल्यावर, साधारण साडेसात-आठनंतर. तेव्हा सगळ्या माश्या घरट्यावर असतात आणि त्यांना नीट उडता येत नाही. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद दोन पदरी बांधा. गांधीलमाशीला आणि मधमाशीला लाल रंग दिसत नाही, पांढऱ्या उजेडावर मात्र त्या थेट झेपावतात. बॅटरी हातात धरूच नका, बाजूला स्टुलावर ठेवा.

कपडे फिक्या रंगाचे, दोन पदरी, वरून रेनकोट. बाह्या आणि पायजम्याचे पायचे सुतळीनं बांधायचे. डोक्यावर टोपी, वरून मच्छरदाणीचं कापड, आणि ते गळ्याशी आत खोचलेलं. कापड चेहऱ्याला टेकलं तर त्यातूनही डंख बसतो, म्हणून टोपी रुंद काठाची हवी.

घरट्यावर वीसेकच माश्या असतील तर औषधाची गरज पडत नाही. एक लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विड साबणाचे ३ मोठे चमचे मिसळा आणि ते पाठीवरच्या फवारणी पंपात न भरता साध्या हातपंपी बाटलीत भरा. शेतीच्या पंपात मागच्या औषधाचा अंश राहतो. बारीक तुषार नको, धार हवी. साबणाचं पाणी पंखांना धरतं आणि श्वास घ्यायच्या छिद्रांत शिरतं. माशी पडते. सगळ्या पडेपर्यंत धार थांबवायची नाही. मग लांब काठीनं घरटं पाडा आणि बादलीभर साबणाच्या पाण्यात बुडवा.

पुढचं काम बहुतेक जण सोडून देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी देठाचा बुंधा खुरप्यानं लाकूड दिसेपर्यंत खरवडा, साबणाच्या चिंधीनं पुसा आणि त्यावर जुनं इंजिन ऑइल किंवा ऑइलपेंट चोपडा. तेलकट जागी देठाची पकड बसत नाही. पुढचे दहा दिवस एक दिवसाआड नजर ठेवा. चार-पाच घरांचं नवं घरटं, वर एखाद-दोन माश्या, एवढ्यावर झाडूनं काम भागतं. महिनाभर दुर्लक्ष केलं तर पुन्हा रेनकोट घालावा लागेल.

उष्ण प्रदेशात गांधीलमाशीचा मोसम काटेकोर नसतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी जिचा अनेक वर्षं अभ्यास केला, ती आपल्याकडेही दिसणारी तपकिरी गांधीलमाशी वर्षात केव्हाही नवं घरटं सुरू करू शकते. त्यामुळे वर्षातून एकदा फवारा मारला की संपलं, हा हिशेब इथं चालत नाही. महिन्यातून एकदा वळचण, जिन्याखालची जागा आणि बंद खोलीची खिडकी पाहून घ्या. लाल त्रिकोणाच्या डब्यातलं, म्हणजे अतिजहाल, शेतीचं उरलेलं औषध घरात मारू नका. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली मोकळ्या वावरात फवारताना माणसं विषबाधेनं दगावली आहेत. बंद पडवीत, स्वयंपाकाशेजारी तेच औषध मारायचं म्हणजे गांधीलमाशीपेक्षा मोठा धोका घरात आणायचा.

आणि शिडीवर चढून घरटं काढू नका. तोंडाशी चार माश्या आल्या की हात सुटतो. डंखाची सूज दोन दिवसांत उतरते, खुब्याचं हाड तसं जुळत नाही.

तक्रार : मोटरपंपाच्या स्टार्टरच्या पेटीत घरटं

रात्रपाळीची लाइन येते, माणूस अंधारात पेटीचं दार उघडतो, गांधील तोंडावर येते आणि झटक्यात हात कुठंतरी टेकतो. यात डंखापेक्षा करंट वाईट. दार उघडण्याआधी काठीनं पेटीवर दोनदा ठोका आणि बाजूला होऊन अर्धा मिनिट थांबा. आत घरटं असेल तर माशी बाहेर येईल किंवा गुणगुण ऐकू येईल.

पेटीत साबणाचं पाणी, रॉकेल, फवारा यातलं काहीही मारू नका. वरचा मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, टेस्टरनं तपासा. मग लांब दांड्याच्या कोरड्या ब्रशनं घरटं बाहेर ओढा.

कायमचा इलाज भोकं बुजवण्याचा. केबल जिथून आत जाते ते भोक केबलपेक्षा नेहमी मोठं असतं. तिथं रबरी ग्लँड बसवा, नाहीतर एम-सील भरा. दाराच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवा. हवेच्या झरोक्यांना आतून मच्छरजाळी. याच बंदोबस्तानं पाली आणि मुंग्याही थांबतात, आणि काँटॅक्टर जळण्याचं प्रमाण आपोआप कमी होतं.

तक्रार : टाकीला, वडाला दरवर्षी आग्या मोहोळ

आग्या माशी कायमची राहत नाही. तुरीच्या, जवसाच्या फुलोऱ्याला येते, पुढं पळस, मोह, करंज, निंब यांच्यावर जगते आणि उन्हाळा सरताना, पावसाच्या तोंडाशी निघून जाते. पुन्हा येते ती बऱ्याचदा त्याच झाडावर. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, ईशान्य भारतातल्या मोहोळांच्या आनुवंशिक तपासणीत असं दिसलं, की काही महिन्यांनी परतलेल्या राणीमाश्या आपल्या जुन्याच जागी बसल्या होत्या. तेव्हा यंदाचं मोहोळ जाळलं तरी पुढच्या वर्षीची पाहुणी थांबत नाही. जुन्या मेणाचा वास तिथं असतोच.

जाळल्यानं होतं काय? पंख होरपळलेल्या माश्या जिवंतपणी खाली पडतात आणि पायाखाली डंख मारतात. उरलेल्या दोन-चार दिवस तिथंच घोंगावतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर तुटून पडतात. शेजारी कडब्याची गंजी किंवा कापूस भरलेली खोली असेल तर पुढचं सांगायला नको.

मोहोळ उठतं ते ठरावीक कारणांनी : दगड, धूर, जोराचा हादरा, फटाके, आणि मधाला चटावलेला मधुबाज पक्षी. यातलं पक्ष्याचं सोडलं तर बाकी आपल्या हातात आहे. लग्नाच्या मांडवात भट्टी वडाखाली मांडायची आणि वर मोहोळ आहे हे पंगत बसल्यावर पाहायचं, असं दर उन्हाळ्यात कुठंतरी होतंच. स्मशानशेडजवळच्या झाडाला मोहोळ असेल तर चिता वाऱ्याची दिशा पाहून रचावी आणि लोकांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवावं. पोळ्यावरून चकाकती लाट फिरताना दिसली तर ते मोठ्या गांधीलमाशीला किंवा पाखराला दटावणं असतं. खालच्या काठाला माश्यांच्या साखळ्या लोंबू लागल्या, चार-सहा माश्या डोक्याभोवती येऊन आदळू लागल्या, तर ती शेवटची सूचना. माघारी फिरा.

मोहोळ वीस-पंचवीस फुटांवर आणि रहदारीपासून बाजूला असेल तर दोरी बांधून, पाटी लावून मोसम जाऊ द्यावा. देऊळगावराजा पट्ट्यात कांद्याचं बी पिकवणाऱ्याला विचारा, माशी नसली की गोंड्यात दाणा भरत नाही. संत्रा, कारली, भोपळा, सूर्यफूल यांचंही तेच. शाळेच्या खिडकीशी किंवा दवाखान्याच्या पोर्चला लागलं असेल तर मात्र हलवावंच लागेल, आणि ते प्रशिक्षित माणसाचं काम. वर्ध्याजवळ दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं आग न लावता, पोशाख घालून आग्या मोहोळाचा फक्त मधाचा भाग कापायची पद्धत मध काढणाऱ्यांना शिकवली आहे. महाबळेश्वरचं मध संचालनालय आणि पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था इथूनही प्रशिक्षित लोकांची माहिती मिळू शकते. शंभर रुपयांत टेंभा घेऊन येणारा माणूस स्वस्त वाटतो, त्याच्यामागे चार दिवस गल्ली बंद पडते.

कायमचं काम मोहोळ रिकामं झाल्यावर, जुलै ते सप्टेंबरात. ग्रामपंचायतीनं टाकी धुण्याची आणि रंगवण्याची तारीख याच दिवसांत ठेवावी. रिकाम्या पोळ्याचं मेण लोखंडी पत्र्यानं पूर्ण खरवडायचं. एक लिटर कढत पाण्याला ५० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून जागा घासायची, वाळल्यावर चुन्याचे दोन हात द्यायचे. स्लॅबच्या खालच्या बाजूला जाळी लावायची असेल तर कबुतरांची जाळी कामाची नाही, माशी तिच्यातून सरळ जाते. मच्छरजाळीच हवी, काठाला कुठंही बोटभर फट न ठेवता. सोयीच्या जागा बंद झाल्या तर मोहोळ पलीकडच्या पिंपळावर जाईल. तिथं त्रास कमी.

अंगावर आल्या तर

पळा, सरळ रेषेत, आणि बंद दाराच्या आत जा. आग्या काहीशे मीटर पाठलाग करते. दुपट्टा किंवा शेला डोक्यावरून घेऊन नाक, डोळे, कान झाका. हात हलवून हाकलू नका. विहिरीत किंवा तळ्यात उडी मारू नका, माश्या वर थांबतात आणि डोकं बाहेर आलं की तिथंच डंख मारतात. पहिला डंख बसला की पिकलेल्या केळासारखा वास येतो. तो धोक्याचा संदेश असतो, त्या वासावर बाकीच्या येतात. म्हणून एकदा डंख बसलेल्या जागी उभं राहून काटा काढत बसायचं नाही. ढोरं दाव्याला बांधलेली असतील आणि जवळ जाता येत असेल तर दावं कापा. बांधलेल्या जनावराला पळता येत नाही.

आत आल्यावर काटे काढा. नखानं, चिमट्यानं, एटीएम कार्डाच्या कडेनं, कशानंही. पद्धतीपेक्षा घाई महत्त्वाची, कारण विषाची पिशवी काट्यासोबत राहते आणि विष आत सोडत राहते. साबणानं धुवा, बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी १५-२० मिनिटं. बांगड्या, अंगठ्या लगेच काढा, सुजल्यावर निघत नाहीत. चुना लावणं, लोखंड घासणं यानं कातडीखालचं विष उतरत नाही.

डंखाच्या जागी सूज दुसऱ्या दिवशी वाढली तर घाबरू नका, ते नेहमीचं. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, उलटी, चक्कर, दम लागणं सुरू झालं, तर एकच डंख असला तरी १०८ ला फोन करा आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तिथं मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन देतात. घरात असलेली ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. माणसाला आडवं ठेवा, पाय उंच. दम लागत असेल तर टेकवून बसवा. एकदम उभं करून चालवत नेऊ नका.

मोठ्या माणसाला ३०-४० च्या वर, लहान मुलाला दहाच्या वर डंख असतील तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरला दाखवा. खूप विष गेलं तर एक-दोन दिवसांनी लघवी चहासारखी काळपट होते किंवा कमी होते. ते मूत्रपिंडावरचं संकट असतं, तेव्हा घरी थांबायचं नाही.

तक्रार : सातेरी भिंतीत शिरली, भोक बुजवलं तर दुसरीकडून निघते

भोक बुजवणं हीच चूक. आत कोंडलेल्या माश्या बाहेरची वाट शोधताना घरात निघतात. औषध मारून मारल्या तर आणखी वाईट : पोळ्याला वारा घालणारी माशी उरत नाही, मे महिन्याच्या उन्हात मेण वितळतं, मध भिंतीतून झिरपतो, मागे मुंग्या, उंदीर आणि मेणकिडा. आणि मेणाचा वास राहिला म्हणून पुढच्या वर्षी नवा थवा त्याच भोकात.

मातीची भिंत किंवा धाब्याचं घर असेल तर थेट उघडणं सोपं. माहितगार मधपाळाला बोलवा. तो भिंत उकरून पोळी कापतो, चौकटीला दोऱ्यानं बांधून पेटीत ठेवतो, राणी पेटीत गेली की बाकीच्या मागोमाग जातात. पेटी संध्याकाळपर्यंत तिथंच ठेवावी, नाहीतर बाहेर गेलेल्या माश्या भिंतीलाच लटकून राहतात.

सिमेंटची भिंत फोडायची नसेल तर जाळीचं नरसाळं वापरतात. ३ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांच्या जाळीचं फूटभर लांब नरसाळं करा. रुंद तोंड भोकावर मातीनं पक्कं चिकटवा, टोकाला फक्त ८-१० मिलिमीटरचं तोंड ठेवा. बाकीची एकूण एक फट बंद. माशी बाहेर पडते, परत आत जायची वाट तिला सापडत नाही. टोकाशेजारीच मधपेटी टांगायची, आत अंडी-अळ्या असलेली एक चौकट. बाहेर राहिलेल्या माश्या तिच्यात जमतात. कामकरी माशी अंड्यापासून तयार व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात, म्हणून चार ते सहा आठवडे नरसाळं हलवायचं नाही. आठवड्यानं कंटाळून काढणारे खूप आहेत, त्यांचं सगळं काम वाया जातं. राणी बहुधा आतच राहते, त्यामुळे पेटीतल्या माश्या त्या चौकटीवर नवी राणी करतात. शेवटी भोक थोडं मोठं करून जुनी पोळी शक्य तेवढी ओढून काढा, सोड्याच्या पाण्यानं धुवा, पोकळी वाळू-चुन्यानं भरून टाका.

सावध राहायचे दिवस फेब्रुवारी ते एप्रिल. तेव्हा थवे सुटतात. चार-पाच माश्या एखाद्या भोकात डोकावून बाहेर येताहेत, आजूबाजूला घिरट्या घालताहेत, पण पायाला परागाचे गोळे नाहीत, तर त्या जागा पाहायला आलेल्या असतात. त्याच संध्याकाळी आत कुणी नाही याची खात्री करून भोक लिंपा. घागरीएवढी पोकळी आणि बोटभर तोंड मिळालं की सातेरीला पुरतं : पालथा रांजण, जुना ढोला, मीटरची रिकामी पेटी, पडलेला टीव्ही. फांदीला नुसता माश्यांचा घोस लटकला असेल, पोळं नसेल, तर काहीच करू नका. एक-दोन दिवसांत जातो.

तक्रार : मार्च लागला की कूलरवर आणि हौदावर झुंबड

४५ अंशांच्या उन्हात मधमाशी पोळं गार ठेवायला पाणी वाहते. तुम्ही कूलरला जे करता तेच ती पोळ्याला करते. एकदा पाण्याची जागा पक्की झाली की ती महिनोन्महिने तिथंच येते. त्यामुळे इलाज कूलर अडगळीतून बाहेर काढायच्या आधी करावा लागतो, फेब्रुवारीच्या उत्तरार्धात.

कूलरपासून २५-३० फुटांवर सावलीत एक घमेलं ठेवा. त्यात विटांचे तुकडे किंवा गोटे, पाणी इतकंच की गोट्यांची डोकी कोरडी राहतील. वरून ओलं बारदान अर्धं आत, अर्धं बाहेर. पाच लिटरला अर्धा चमचा मीठ टाकलं तर माशी लवकर धरते. एकही दिवस कोरडं पडू द्यायचं नाही. एका दुपारी ते आटलं की सगळ्या कूलरवर परत. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून दर चार दिवसांनी सगळं पाणी बदला.

उशीर झाला आणि माश्या आधीच कूलरला सोकावल्या, तर घमेलं कूलरच्या शेजारीच ठेवा, कूलरच्या ताट्यांवर बाहेरून मच्छरजाळी ताणा, पाणी भरायच्या तोंडाला झाकण लावा. दोन-तीन दिवसांत माश्या घमेल्यावर वळल्या की ते रोज तीन-चार फूट लांब सरकवा. बैलांच्या हौदात लाकडाची फळी तरंगती सोडा, माश्या तिच्यावर बसून पितात आणि जनावराच्या नाकपुडीशी येत नाहीत. कूलरच्या पाण्यात कीटकनाशक टाकणारे लोक आहेत. ती हवा रात्रभर घरातलीच माणसं घेतात.

अंगणात वाळत घातलेली मोहफुलं, गुळाची उघडी भेली, रसवंतीचं चिपाड, सडके आंबे यांच्यावरही हीच झुंबड होते. तिथं जाळी आणि झाकण यापलीकडे इलाज नाही.

तक्रार : धुऱ्यावर, वारुळात मोठी गांधीलमाशी

हे घरटं स्वतः काढायचं नाही. पावसाळ्यानंतर ते भरात येतं, आणि ट्रॅक्टर किंवा डवऱ्याच्या हादऱ्यानं सगळ्या एकदम बाहेर पडतात. जागेभोवती दहा मीटरवर खुंट्या रोवून कापडं बांधा, मजुरांना दाखवा, तेवढं गवत उभं राहू द्या. भोकात पेट्रोल ओतून काडी लावणाऱ्याचेच हात आधी भाजतात. बहुतेक वेळा कडक थंडीपर्यंत घरटं ओसरतं, मग भोक बुजवा. घराला लागूनच असेल तर कीटकनियंत्रणवाला बोलवा.

मधपेट्यांवर ती हल्ला करत असेल तर फाटक साडेपाच-सहा मिलिमीटर उंचीचं करा आणि सापळे लावा. एक लिटरच्या बाटलीचं वरचं तिसऱ्या हिश्शाचं तोंड कापून उलटं आत बसवा. आत २०० मिली पाणी, ५० ग्रॅम गूळ, एक चमचा व्हिनेगर. व्हिनेगरच्या वासानं मधमाशी लांब राहते. सापळा पेट्यांपासून पाच-सहा मीटरवर टांगा, दर आठवड्याला पाणी बदला.

किरकोळ

कुंभारीण माशी मातीच्या नळीत पिलासाठी लुळे केलेले कोळी किंवा अळ्या भरून ठेवते आणि घरट्यासाठी भांडत नाही. तिचा त्रास एवढाच की ती ठिबकच्या नळीचं टोक, पंपाचा नोझल, प्लगचं भोक, कुलूप मातीनं बंद करते. मोसम संपल्यावर ड्रिपच्या टोकांना टोप्या घाला, नोझल पिशवीत बांधा.

बांबूच्या आढ्यातून पिवळसर भुसा पडतो आणि काळा, मोठा भुंगा घोंघावतो, तो लाकूड खात नाही, अंडी घालायला पोखरतो. नवा बांबू बांधताना दोन्ही तोंडं मातीनं किंवा लाकडी खुंटीनं बंद करा आणि जवसाचं तेल द्या. जुनी भोकं पिलं उडून गेल्यावरच बुजवावीत, आधी बुजवली तर ती शेजारून नवं भोक पाडून निघतात.

रात्री ट्यूबलाइटखाली मधमाश्या पडत असतील तर जवळपास आग्या मोहोळ आहे. ही माशी चांदण्यातही उडते आणि पांढऱ्या दिव्याला फसते. पडवीचा दिवा पिवळा करा, जेवणं झाली की बंद करा, आणि सकाळी झाडताना चपला घाला, कारण जमिनीवर पडलेली अर्धमेली माशीही डंख मारते.